लाइटरूममधून डार्कटेबलमध्ये: फोटोंचा संग्रह हलवण्याची पद्धत

अनेक वर्षे ॲडोबी लाइटरूम क्लासिकमध्ये जमवलेला, निवडलेला आणि संपादित केलेला फोटोंचा संग्रह डार्कटेबल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कसा न्यावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. लाइटरूम सोडण्याची कारणे प्रत्येकाची वेगळी असतात. २०१५ साली आलेली लाइटरूम ६ ही एकदाच किंमत मोजून कायमची विकत घेता येणारी शेवटची आवृत्ती होती. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेले लाइटरूम क्लासिक केवळ वर्गणी भरूनच वापरता येते. डार्कटेबल २००९ पासून स्वयंसेवकांच्या हातून घडत आलेले असून ते जीपीएल परवान्याखाली विनामूल्य मिळते. लिनक्स आणि मॅकवर ते पूर्वीपासून होते आणि २०१७ च्या अखेरीस आलेल्या २.४ या आवृत्तीपासून ते विंडोजवरही चालते.

या स्थलांतरात बहुतेकांची निराशा होते ती एका चुकीच्या अपेक्षेमुळे. लाइटरूममध्ये सरकवलेले प्रत्येक नियंत्रण डार्कटेबलमध्ये जसेच्या तसे दिसेल आणि फोटो तंतोतंत पूर्वीसारखा उमटेल, असे गृहीत धरून माणूस कामाला लागतो. तसे होत नाही आणि होणेही शक्य नाही, कारण दोन्ही प्रोग्राम प्रकाश आणि रंग यांचे गणित मुळातच वेगळ्या रीतीने करतात. हलवता येते ते तुमचे फोटोंविषयीचे ज्ञान: कोणता फोटो चांगला, त्यात कोण आहे, तो कुठे आणि कोणत्या प्रसंगी काढला, कोणत्या मालिकेत तो बसतो. माझ्या मते संग्रहाचे खरे मोल यातच असते. एखाद्या फोटोचा कॉन्ट्रास्ट पुन्हा ठरवायला काही मिनिटे लागतात; परंतु आजीच्या शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीचे नाव एकदा हरवले, तर ते सांगणारे कोणी उरलेले नसण्याची शक्यता असते. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांचा हेतू एकच आहे: जुना प्रोग्राम चालू आहे तोवर हे ज्ञान त्याच्या कॅटलॉगमधून बाहेर काढून फोटोंच्या सोबत ठेवणे.

कोणती माहिती कुठे साठवलेली असते

लाइटरूमचा कॅटलॉग ही एलआरकॅट या विस्तारनामाची एक फाइल असते आणि तिच्या आत एसक्यूलाइट या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचा डेटाबेस असतो. मूळ फोटो या फाइलमध्ये नसतात. ग्रंथालयाच्या नोंदवहीत पुस्तक कोणत्या कपाटात आहे एवढेच लिहिलेले असते, तसे कॅटलॉगमध्ये फोटोचा पत्ता आणि त्याविषयीच्या नोंदी असतात. फोटो स्वतः तुमच्या हार्ड डिस्कवरील नेहमीच्या फोल्डरांतच राहतात. ही गोष्ट दिलासा देणारी आहे, कारण स्थलांतरासाठी फोटो जागचे हलवावे लागत नाहीत. फोटो आहेत तिथेच ठेवून दुसऱ्या प्रोग्रामला त्यांचा पत्ता द्यायचा असतो.

कॅटलॉगमधील नोंदी फोटोंपर्यंत पोहोचवण्याचे साधन म्हणजे एक्सएमपी. ॲडोबीने २००१ मध्ये पुढे आणलेली ही पद्धत २०१२ मध्ये आयएसओ मानक झाली आणि आज जवळजवळ प्रत्येक गंभीर फोटो प्रोग्राम ती वाचतो. कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल, असेल, तर लाइटरूम तिच्या शेजारी त्याच नावाची एक छोटी एक्सएमपी फाइल लिहितो, जिला साइडकार फाइल म्हणतात. जेपेग, टिफ, पीएसडी आणि डीएनजी या प्रकारांत मात्र तीच माहिती फाइलच्या आतच लिहिली जाते. तारे, रंगखुणा, कीवर्ड, मथळा, वर्णन, जीपीएस स्थान आणि संपादनाची सध्याची स्थिती एवढ्या गोष्टी एक्सएमपीमध्ये उतरतात.

जे उतरत नाही, त्याची यादी अधिक महत्त्वाची आहे. कलेक्शन म्हणून बनवलेले गट, व्हर्च्युअल कॉपी म्हणजे एकाच फोटोच्या पर्यायी आवृत्त्या, स्टॅक म्हणजे एकावर एक रचून ठेवलेले फोटो आणि संपादनाचा पायरीपायरीचा इतिहास या गोष्टी फक्त कॅटलॉगमध्ये राहतात. निवडल्याचा आणि नाकारल्याचा ध्वजही दीर्घकाळ कॅटलॉगपुरताच मर्यादित होता, त्यामुळे तो आपोआप बाहेर येईल यावर विसंबू नये. ज्यांनी वर्षानुवर्षे तारे न वापरता केवळ ध्वज आणि कलेक्शन वापरली आहेत, त्यांचे जवळजवळ सगळे निर्णय या न उतरणाऱ्या भागात असतात. अशांनी पुढील तयारीला सर्वाधिक वेळ द्यावा.

सुरुवात करण्यापूर्वी

प्रथम कॅटलॉगचा बॅकअप घ्यावा आणि तो घेताना लाइटरूमने विचारलेली अखंडता तपासण्याची खूण चालू ठेवावी. त्यानंतर मूळ फोटोंची एक पूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर असल्याची खात्री करून घ्यावी. पुढच्या काही पायऱ्यांत लाइटरूम तुमच्या जेपेग आणि डीएनजी फाइलींच्या आत लिहिणार आहे, त्यामुळे हा बॅकअप केवळ शिष्टाचार म्हणून घ्यायचा नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा जुना नियम इथेही पाळावा.

मग लायब्ररी मेनूमधील ‘फाइंड ऑल मिसिंग फोटोज’ ही आज्ञा द्यावी. कॅटलॉगला ज्या फोटोंचा पत्ता सापडत नाही, ते सर्व एकत्र दिसतील. बाहेरची डिस्क जोडलेली नसणे किंवा कधीकाळी विंडोजच्या खिडकीतून फोल्डरचे नाव बदललेले असणे, ही त्याची नेहमीची कारणे असतात. हरवलेल्या फोटोशी संबंधित नोंदी लाइटरूमला कुठेही लिहिता येत नाहीत, म्हणून प्रत्येक फोल्डर पुन्हा जोडून ही यादी शक्य तितकी रिकामी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ज्यांचे फोटो लाइटरूम क्लासिकमध्ये नसून ॲडोबीच्या क्लाउडवर चालणाऱ्या लाइटरूममध्ये आहेत, त्यांनी आधी सर्व मूळ फाइली आपल्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. त्यासाठी ॲडोबीचाच लाइटरूम डाउनलोडर हा स्वतंत्र प्रोग्राम आहे.

वर्गणी कधी बंद करावी, हा प्रश्नही इथेच सोडवलेला बरा. वर्गणी संपल्यावर लाइटरूम क्लासिकचे डेव्हलप (संपादनाचा) आणि मॅप (नकाशाचा) हे दोन विभाग बंद होतात. फोटो पाहणे, शोधणे आणि एक्सपोर्ट करणे चालू राहते. तरीही संपूर्ण पडताळणी होईपर्यंत वर्गणी चालू ठेवावी असा माझा आग्रह आहे, कारण एखादा फोटो नव्या प्रोग्राममध्ये विचित्र दिसला, तर त्याचे कारण शोधण्यासाठी डेव्हलप विभाग उघडावाच लागतो.

न उतरणाऱ्या नोंदी कीवर्डमध्ये बदलणे

कीवर्ड हा सर्व प्रोग्रामांना समजणारा समान धागा आहे. म्हणून जी नोंद एक्सएमपीमध्ये जात नाही, ती आधी कीवर्डचे रूप देऊन टिकवायची. कीवर्डच्या यादीत ‘स्थलांतर’ नावाचा एक मूळ कीवर्ड तयार करावा आणि त्याखाली ‘संग्रह’, ‘ध्वज’, ‘पर्यायी प्रत’ असे उपकीवर्ड करावेत. आता एकेक कलेक्शन उघडून त्यातील सर्व फोटो निवडावेत आणि त्यांना ‘संग्रह’ या कीवर्डखाली त्या कलेक्शनचेच नाव द्यावे. एका मोठ्या संग्रहात हे काम कंटाळवाणे होते, पण त्याला चांगला आडमार्ग नाही. ज्या कलेक्शनांचा आता उपयोग उरलेला नाही, उदाहरणार्थ कोणाला तरी पाठवण्यापुरती केलेली निवड, ती याच वेळी निर्धास्तपणे सोडून द्यावीत. स्मार्ट कलेक्शन हे मुळात नियमांचे संच असतात. त्यांतील फोटोंना कीवर्ड देण्याऐवजी नियमच कागदावर लिहून ठेवावेत, कारण डार्कटेबलमध्ये तशाच अटी लावून तो गट पुन्हा उभा करता येतो.

ध्वजांसाठी लायब्ररीच्या फिल्टरपट्टीतून निवडलेले फोटो वेगळे करून त्यांना एक कीवर्ड आणि नाकारलेल्यांना दुसरा कीवर्ड द्यावा. नाकारलेले फोटो खरोखरच नको असतील, तर ते आताच काढून टाकणे अधिक शहाणपणाचे आहे. जे ओझे पुढे न्यायचे नाही ते मोजण्यात आणि तपासण्यात वेळ का घालवावा?

व्हर्च्युअल कॉपीचे प्रकरण थोडे वेगळे आहे. डिस्कवर त्यांची स्वतंत्र फाइल नसते आणि मूळ फोटोच्या एक्सएमपीमध्ये फक्त मूळ आवृत्तीचेच संपादन जाते. फिल्टरपट्टीत व्हर्च्युअल कॉपी वेगळ्या करून पाहाव्यात. त्यांपैकी ज्या कृष्णधवल रूपांतरासारख्या जाणीवपूर्वक केलेल्या असतील, त्या टिफ किंवा जेपेग म्हणून एक्सपोर्ट करून ‘पर्यायी प्रत’ हा कीवर्ड देऊन ठेवाव्यात. बाकीच्या सहसा प्रयोग म्हणून केलेल्या असतात आणि त्यांच्याशिवाय काही अडत नाही.

रंगखुणांबाबत एक बारकावा आहे. लाइटरूम एक्सएमपीमध्ये रंगखुणेचे नाव शब्दरूपात लिहितो. तुम्ही मेटाडेटा मेनूतून रंगखुणांना स्वतःची नावे दिली असतील, म्हणजे लाल रंगाला ‘छपाईसाठी’ आणि हिरव्याला ‘पाठवले’ असे म्हटले असेल, तर फाइलमध्ये तेच शब्द लिहिले जातात आणि दुसऱ्या प्रोग्रामला त्यांवरून रंग ओळखता येत नाही. अशा वेळी प्रत्येक रंगाचे फोटो फिल्टर करून त्यांना त्या अर्थाचा कीवर्ड द्यावा. अर्थ टिकला म्हणजे पुरे. रंग पुन्हा लावता येतो.

लाइटरूमने ओळखलेल्या चेहऱ्यांची नावे व्यक्तीच्या कीवर्डच्या रूपात असतात, त्यामुळे नावे पुढे येतात. चेहऱ्याभोवतीच्या चौकटी मात्र डार्कटेबलमध्ये येत नाहीत. ज्यांना चौकटीही हव्या आहेत, त्यांनी डिजिकॅम हा दुसरा मुक्त प्रोग्राम सोबत ठेवावा, जो एक्सएमपीमधील चेहऱ्यांची क्षेत्रे वाचू शकतो. गाव, राज्य, देश अशा स्वतंत्र रकान्यांत लिहिलेली माहितीही कीवर्डमध्ये आणलेली बरी, कारण दुसऱ्या प्रोग्रामच्या नेहमीच्या मांडणीत ते रकाने दिसतीलच असे नाही.

देवनागरीतील कीवर्ड

ज्यांनी आपले कीवर्ड मराठीत लिहिले आहेत, त्यांना या टप्प्यावर काही विशेष अडचणी येतात, आणि इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनांत त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. एक्सएमपी युनिकोडवर आधारलेले असल्याने त्यात देवनागरी पूर्णपणे सुरक्षित राहते. परंतु जेपेग फाइलमध्ये एक्सएमपीच्या जोडीला आयपीटीसी या वृत्तक्षेत्रातील संस्थेचे आयआयएम हे जुने मानकही वापरले जाते आणि त्यात एका कीवर्डसाठी ६४ बाइटांची मर्यादा आहे. रोमन लिपीचे एक अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, म्हणजे अक्षराला, मात्रेला, अनुस्वाराला आणि हलन्तालाही, यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट लागतात. ‘सिंधुदुर्ग किल्ला मालवण’ या साध्या कीवर्डमध्ये अशी २१ चिन्हे आणि दोन मोकळ्या जागा आहेत, म्हणजे एकूण ६५ बाइट. एवढासा कीवर्डही मर्यादा ओलांडतो, आणि ती मर्यादा काटेकोरपणे पाळणारा एखादा जुना प्रोग्राम त्याचे शेवटचे अक्षर तोडू शकतो. उपाय सरळ आहे: लांब कीवर्डचे तुकडे करून ‘सिंधुदुर्ग’, ‘किल्ला’ आणि ‘मालवण’ असे स्वतंत्र कीवर्ड ठेवावेत. शोधण्यासाठीही तेच सोयीचे पडते.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र काही कीबोर्ड ऱ या स्वतंत्र चिन्हापासून बनवतात, तर काही साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून बनवतात. ‘ॲ’ हे अक्षरही एकाच चिन्हाने लिहिता येते किंवा अ वर चंद्र देऊन लिहिता येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. घरातील संगणकावर एका कीबोर्डने आणि लॅपटॉपवर दुसऱ्या कीबोर्डने काम केले असेल, तर एकाच कीवर्डच्या अशा जुळ्या नोंदी तयार झालेल्या असतात आणि एक निवडल्यावर दुसरीखालचे फोटो दिसत नाहीत. मेटाडेटा मेनूतील ‘एक्सपोर्ट कीवर्ड्स’ ही आज्ञा वापरून संपूर्ण यादी टेक्स्ट फाइलमध्ये काढावी आणि वाचून पाहावी; जुळी नावे तिच्यात चटकन नजरेस येतात. मग त्यांपैकी एका नावाचे सर्व फोटो फिल्टर करून त्यांना दुसरे नाव द्यावे आणि पहिले पुसून टाकावे. ‘गणेशोत्सव’ आणि ‘गणेश उत्सव’ अशा उघड दुहेरी नोंदीही याच वेळी एक कराव्यात. ही शुद्धीकरणाची पायरी अनेकांना अनावश्यक वाटेल, परंतु संग्रह पुढील वीस वर्षे वापरायचा असेल, तर मराठी कीवर्डवर घेतलेल्या श्रमांइतके मोल दुसऱ्या कोणत्याही श्रमाला येणार नाही. हीच टेक्स्ट फाइल जपून ठेवावी, कारण तिच्यात कीवर्डची उतरंड आणि समानार्थी शब्द दोन्ही असतात आणि डार्कटेबलचा टॅगिंग विभाग ती वाचू शकतो.

सर्व नोंदी फाइलींत लिहिणे

आता कॅटलॉग सेटिंग्जमधील मेटाडेटा या पानावर जावे. जेपेग, टिफ, पीएनजी आणि पीएसडी फाइलींत संपादनाची माहिती लिहिण्याचा पर्याय तेथे असतो. संपादन पुढे वापरायचे नसल्यास तो बंद ठेवला तरी चालतो. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असल्यामुळे फोटोंच्या वेळा लाइटरूममध्ये दुरुस्त केल्या असतील, तर तारीख व वेळेचा बदल रॉ फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय याच पानावर आहे आणि त्याचा निर्णय बॅकअप हाताशी असतानाच घ्यावा.

त्यानंतर ‘ऑल फोटोग्राफ्स’ उघडून ग्रिडमध्ये सर्व फोटो निवडावेत आणि कंट्रोल व एस, मॅकवर कमांड व एस, या कळा दाबाव्यात. यालाच ‘सेव्ह मेटाडेटा टू फाइल्स’ म्हणतात. मोठ्या संग्रहात हे काम तासन्तास चालू शकते, विशेषतः फोटो बाहेरच्या डिस्कवर असतील तर, त्यामुळे ते रात्री लावून ठेवणे उत्तम. एक्सएमपी आपोआप लिहिण्याचा पर्याय पूर्वीपासून चालू असला, तरी ही आज्ञा एकदा स्वतः द्यावी. काम संपल्यावर फिल्टरपट्टीतील मेटाडेटाच्या स्तंभात ‘मेटाडेटा स्टेटस’ निवडून सर्व फोटो अद्ययावत असल्याचे पाहावे. ज्यांच्यापुढे बदल बाकी असल्याची किंवा विसंगतीची खूण असेल, त्यांच्याकडे एकेक करून लक्ष द्यावे. केवळ वाचता येतील अशी परवानगी असलेले फोल्डर हे त्यामागचे नेहमीचे कारण असते.

संपादित रूप जपणे

डार्कटेबल लाइटरूमच्या साइडकार फाइलमधून संपादनाच्या काही पायऱ्या वाचण्याचा प्रयत्न करतो: कातरणे व फिरवणे, एक्सपोजर, काळ्याची पातळी, टोन कर्व्ह, क्लॅरिटी, रंगछटांचे बदल, स्प्लिट टोनिंग, विनेट, ग्रेन आणि डाग काढणे. मास्क, फोटोतील नॉइज म्हणजे दाणेदार ठिपके कमी करण्याची नवी साधने, ॲडोबीचे रंगप्रोफाइल आणि प्रीसेट यांपैकी काहीही येत नाही. जे येते तेही जवळपासचे असते, हुबेहूब नसते. यामागे कार्यपद्धतीचा फरक आहे. डार्कटेबलची सध्याची शिफारस केलेली पद्धत दृश्यातील प्रकाशाची मूल्ये शेवटपर्यंत जपते आणि फिल्मिक किंवा सिग्मॉइड या विभागांतून अखेरीस ती पडद्याच्या मर्यादेत आणते. लाइटरूमचा टोन कर्व्ह वेगळ्या पायावर रचलेला आहे. तो या पद्धतीवर लादला की फोटो चमत्कारिक दिसतो. माझा सल्ला असा की कातरण आणि फिरवण यांचा लाभ घ्यावा, बाकीच्या पायऱ्या पुसून टाकाव्यात आणि ज्या फोटोवर पुन्हा काम करावेसे वाटेल, तो नव्या पद्धतीने नव्याने करावा.

याचा अर्थ जुने काम गमवावे असा नाही. लाइटरूममध्ये ‘हॅज ॲडजस्टमेंट्स’ ही अट लावून एक स्मार्ट कलेक्शन बनवावे, म्हणजे संपादित केलेले सर्व फोटो एकत्र मिळतात. त्यांपैकी उत्कृष्ट, म्हणजे चार आणि पाच ताऱ्यांचे, फोटो १६ बिटांच्या टिफमध्ये एक्सपोर्ट करावेत आणि उरलेले उच्च दर्जाच्या जेपेगमध्ये. सर्वच फोटोंचे टिफ करण्याच्या मोहात पडू नये: २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोची १६ बिटांची असंक्षिप्त टिफ सुमारे १४४ मेगाबाइटांची होते, आणि काही हजार फोटोंनीच डिस्क भरते. एक्सपोर्टच्या खिडकीत सर्व मेटाडेटा समाविष्ट करण्याचा पर्याय निवडावा, कीवर्डची उतरंड लिहिण्याची खूण चालू ठेवावी आणि व्यक्ती व स्थान यांची माहिती काढून टाकण्याच्या खुणा बंद असल्याचे पाहावे. या खुणा समाजमाध्यमांसाठी एक्सपोर्ट करताना कधीतरी चालू केलेल्या असतात आणि तशाच राहतात. एक्सपोर्ट केलेल्या फाइलींच्या नावाला ‘संपादित’ असा प्रत्यय जोडावा, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या जेपेगशी त्यांची गल्लत होणार नाही.

पीएसडी फाइलींची एक सपाट टिफ प्रत करून ठेवावी. व्हिडिओ डार्कटेबलमध्ये येत नाहीत. त्यांची व्यवस्था वेगळी लावावी लागेल.

डार्कटेबलमध्ये आणणे

संपूर्ण संग्रह एकदम आणू नये. रॉ, डीएनजी, जेपेग, मराठी कीवर्ड असलेले, जीपीएस असलेले, तारे व रंगखुणा असलेले असे सर्व प्रकारचे थोडे थोडे फोटो त्यांच्या एक्सएमपी फाइलींसह एका वेगळ्या फोल्डरात कॉपी करावेत आणि आधी त्यांवर चाचणी घ्यावी.

डार्कटेबल उघडल्यावर प्राधान्यांमधील साठवणुकीच्या पानावर प्रत्येक फोटोसाठी साइडकार फाइल लिहिण्याचा पर्याय असतो, तो ‘ऑन इम्पोर्ट’ वर ठेवावा. त्यामुळे पुढे डार्कटेबलचा स्वतःचा डेटाबेस बिघडला, तरी सर्व नोंदी फोटोंच्या शेजारी सुरक्षित राहतात. डार्कटेबल आपल्या साइडकार फाइलीला मूळ विस्तारनामासह पूर्ण नाव देऊन पुढे एक्सएमपी जोडतो, तर लाइटरूम मूळ विस्तारनाम गाळतो. नावे वेगळी असल्यामुळे दोघांच्या फाइली एकाच फोल्डरात सुखाने नांदतात आणि एकमेकींवर लिहिल्या जात नाहीत. लाइटरूमच्या एक्सएमपी फाइली इम्पोर्टपूर्वी पुसू नयेत. डार्कटेबल फोटो पहिल्यांदा आणताना त्यांच्याकडेच पाहतो.

लाइटटेबल या डार्कटेबलच्या फोटो पाहण्याच्या व निवडण्याच्या दालनात डाव्या बाजूच्या इम्पोर्ट विभागात दोन मार्ग दिसतात. फोटो जागेवरच ठेवून संग्रहात नोंदवण्याचा ‘ॲड टू लायब्ररी’ हा मार्ग निवडावा. कॉपी करण्याचा मार्ग कॅमेऱ्याच्या कार्डासाठी आहे. उपफोल्डर समाविष्ट करण्याची खूण चालू असावी. फाइलमधील तारांकनाकडे दुर्लक्ष करण्याची एक खूण याच विभागाच्या पर्यायांत असते, ती बंद असल्याची खात्री करावी, अन्यथा वर्षानुवर्षांचे तारे न येता सर्व फोटो सारखेच दिसतील.

चाचणीचे फोटो आल्यावर उजवीकडील टॅगिंग विभागात कीवर्डची उतरंड पूर्वीसारखी दिसते का, मराठी शब्द अखंड आहेत का, रंगखुणा आणि स्थान बरोबर आहे का, हे शांतपणे पाहावे. संपादनाच्या आयात झालेल्या पायऱ्या नको असतील, तर लाइटटेबलमधील हिस्टरी स्टॅक विभागातून निवडलेल्या फोटोंचा इतिहास एकत्रितपणे पुसता येतो. त्याने टॅग आणि तारे जात नाहीत. चाचणी संपल्यावर हे फोटो डार्कटेबलमधून ‘रिमूव्ह’ करावेत. ‘रिमूव्ह’ केवळ नोंद काढतो आणि ‘डिलीट’ डिस्कवरील फाइलच घालवतो, हा फरक पहिल्या दिवसापासून मनात पक्का असावा.

त्यानंतर मुख्य संग्रह आणावा, तोही वर्षनिहाय किंवा फोल्डरनिहाय. एक वर्ष आणले की ते तपासावे आणि मगच पुढचे घ्यावे. अडचण आलीच, तर ती कोणत्या फोल्डरात आहे हे लगेच कळते.

पडताळणी

नुसते फोटो दिसतात म्हणून काम झाले असे मानू नये. लाइटरूममध्ये प्रत्येक वर्षाच्या फोल्डरातील एकूण फोटो, प्रत्येक ताऱ्याचे फोटो, प्रत्येक रंगाचे फोटो आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या दहा-वीस कीवर्डचे फोटो यांची संख्या लिहून घ्यावी आणि डार्कटेबलच्या कलेक्शन विभागात तेच निकष लावून संख्या जुळवावी. एकूण संख्येत फरक पडण्याची काही निरुपद्रवी कारणे आहेत: व्हिडिओ आणि व्हर्च्युअल कॉपी इकडे मोजल्या जात नाहीत, आणि रॉ व जेपेगची जोडी लाइटरूममध्ये सेटिंगप्रमाणे एकच फोटो मानली जात असेल, तर इथे ती दोन फोटो होते. ही कारणे वजा करूनही संख्या जुळत नसेल, तर थांबावे. ताऱ्यांची संख्या जुळते पण एखाद्याच कीवर्डची जुळत नाही, असे झाल्यास बहुधा त्या शब्दाचे अदृश्य जुळे रूप कुठेतरी राहून गेलेले असते.

संख्येनंतर प्रत्येक वर्षातील काही फोटो उघडून वर्णन आणि नावे वाचावीत. घरातील ज्येष्ठांसोबत बसून नोंदवलेली माहिती असेल, तर तेवढे फोटो सर्वच्या सर्व पाहावेत. त्यांच्या बाबतीत नमुना तपासणीवर समाधान मानू नये.

या काळात दोन्ही प्रोग्राम एकाच संग्रहावर वापरू नयेत. लाइटरूममध्ये केलेला नवा बदल डार्कटेबलमध्ये एकदा नोंदवलेल्या फोटोपर्यंत आपोआप पोहोचत नाही, आणि एका बाजूने फोल्डर हलवले की दुसऱ्या बाजूला ते हरवते. पडताळणी पूर्ण होताच लाइटरूममध्ये काहीही बदलायचे नाही असा दिवस ठरवावा आणि त्या दिवसापासून फोल्डरांची नावे बदलणे किंवा फोटो इकडून तिकडे नेणे केवळ डार्कटेबलमधूनच करावे.

जुन्या कॅटलॉगची शेवटची प्रत, कीवर्डची टेक्स्ट फाइल आणि स्मार्ट कलेक्शनांच्या नियमांचा कागद फोटोंच्या बॅकअपसोबत कायमचा ठेवावा. पूर्वावलोकनांचे एलआरडेटा फोल्डर मात्र पुसायला हरकत नाही. ते बरीच जागा अडवते आणि त्यातील चित्रे लाइटरूम मूळ फोटोंवरून पुन्हा तयार करू शकतो. कॅटलॉग एसक्यूलाइट पद्धतीचा असल्यामुळे लाइटरूम संगणकावर नसतानाही एसक्यूलाइट वाचणाऱ्या कोणत्याही मुक्त साधनाने तो उघडता येतो, आणि एखादे कलेक्शन कीवर्डमध्ये बदलायचे राहून गेले असेल, तर त्यात कोणते फोटो होते हे त्यातून काही वर्षांनीही शोधून काढता येते.